पेटीतल्या तबकड्या

शास्त्रपाठ : उपदेशक ३:१-८, लूक १२:१३-२१, २ तीमथ्य ४:९-१३



लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील मूर्ख धनवानाचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पीक भरपूर आले, कोठारे अपुरी पडली, म्हणून त्याने ती पाडून मोठी बांधण्याचा बेत केला. आणि त्याच रात्री त्याला बोलावणे आले. शब्बाथ शाळेतील मुलेही ही गोष्ट न चुकता सांगतात. परंतु प्रभूने ही गोष्ट कोणत्या प्रसंगी सांगितली असे विचारले, तर मोठी माणसेसुद्धा थबकतात. तेराव्या वचनापासून वाचा. गर्दीतून एक मनुष्य पुढे येतो आणि, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा, अशी विनंती प्रभूला करतो. प्रभू त्याचा न्यायाधीश होत नाही. तो लोभाविषयी सावध करतो व कोठारांची गोष्ट सांगतो. म्हणजे त्या कोठारांच्या मागे दोन भाऊ उभे आहेत. धान्याची गोष्ट ऐकताना आपण त्या भावांना विसरून जातो.

मला वाटते, आपण जपून ठेवलेल्या पुष्कळ वस्तूंचे असेच असते. वस्तू पुढे दिसते; माणूस मागे असतो. आज मी कोठारांविषयी नव्हे, तर एका पत्र्याच्या पेटीविषयी लिहिणार आहे. त्या पेटीत तरुणपणी हौसेने विकत घेतलेल्या गाण्यांच्या लहान तबकड्या होत्या.

तबकडी म्हणजे काय

आमचे निंबर्गा हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. पण नकाशातली रेषा कानाला दिसत नाही. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी उर्दू, अशी तिन्ही भाषांची ये-जा असते. म्हणून इकडच्या घरांतील तबकड्यांच्या पेटीतही तिन्ही भाषांची गाणी एकमेकींना टेकून उभी असत.

आजच्या मुलांनी तबकडी पाहिलेली नसेल, म्हणून थोडे सांगतो. भारतात पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाली. फ्रेड गैसबर्ग हा मुद्रक त्यासाठी आला होता, आणि गायिका गौहर जान हिने त्या वेळी गाणी दिली. तिच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारताना ऐकू येते. कारण तबकड्या छापण्याचे काम जर्मनीतील हॅनोव्हर येथे होई, आणि तेथील कारागिरांना कोणाचे गाणे हे कळावयास हवे होते.

त्या जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेपासून बनत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील लहानशा कीटकापासून मिळणारी तीच ही लाख. तबकडी हातातून पडली की मडक्यासारखी फुटे, आणि एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे १९४९ साली अमेरिकेत सात इंचांची, विनाईल नावाच्या प्लास्टिकची, पंचेचाळीस फेऱ्यांची लहान तबकडी निघाली. वजनाने हलकी, सहज न फुटणारी आणि तरुणांच्या खिशाला परवडणारी. आपल्याकडे १९७०च्या दशकात याच लहान तबकड्या लोकप्रिय झाल्या. बॅटरीवर चालणारा 'फिएस्टा' नावाचा पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर ज्याच्या घरी असे, त्याच्या अंगणात संध्याकाळी गल्ली जमे. मग कॅसेट आली, मग सीडी आली, आणि आता सारे गाणे मोबाईलमध्ये आले. प्लेअर बिघडले, सुया मिळेनाशा झाल्या, तबकड्या पेटीत गेल्या आणि पेटी माळ्यावर गेली.

ज्यांनी त्या विशीत असताना विकत घेतल्या, ते आज सत्तरीत आहेत. घरे लहान झाली आहेत, मुले पुण्याला आणि बंगळुरूला गेली आहेत. पेटीचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. प्रश्न लहान आहे असे आपणांस वाटेल. परंतु लहान वस्तू सोडताना माणसाचे मन जसे उघडे पडते, तसे मोठी सोडताना पडत नाही. म्हणून या प्रश्नाकडे वचनाच्या प्रकाशात पाहू या.

पहिली गोष्ट : सोडून देणे म्हणजे तिरस्कार करणे नव्हे

काही भाविक म्हणतील, यात विचार कसला? ती जगाची गाणी, जाळून टाका. आणि ते प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे बोट दाखवतील. तेथे इफिसकरांनी आपली जादूटोण्याची पुस्तके सर्वांसमक्ष जाळली, आणि त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली.

पण तो भाग नीट वाचा. ती पुस्तके गाण्याची नव्हती, मंत्रतंत्राची होती. त्यांवर लोकांचे पोट चाले आणि त्यांनी लोकांना भीतीत ठेवले होते. दुसरे, कोणी त्यांच्या घरात शिरून ती ओढून आणली नाहीत. लोकांनी आधी आपली कृत्ये कबूल केली, आणि मग आपलीच पुस्तके आपल्याच हातांनी आणली. ती आग पश्चात्तापाची होती.

त्या आगीशेजारी दुसरी एक आग ठेवून पाहा. १९६६ सालच्या मार्चमध्ये इंग्लंडमधील बीटल्स या गायकमंडळीतील जॉन लेनन याने लंडनच्या वर्तमानपत्राला मुलाखत देताना आपली मंडळी येशूपेक्षाही लोकप्रिय झाल्याचे उद्गार काढले. इंग्लंडमध्ये त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जुलैअखेरीस तेच उद्गार एका अमेरिकन मासिकात छापून आले, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काही रेडिओ केंद्रांनी मुलांना आपल्या तबकड्या आणून जाळावयास सांगितले. होळ्या पेटल्या. या आगीत पश्चात्ताप कोणाचा होता? लेननचा अपराध, आणि तबकड्या शाळकरी मुलांच्या. दुसऱ्याच्या पापावर संतापून पेटविलेली आग आणि स्वतःच्या पापाने व्यथित होऊन पेटविलेली आग, या दोन्हींचा धूर सारखाच दिसतो. पण देवापुढे त्या एक नाहीत.

एखाद्या तबकडीवरील गाणे खरोखरच अभद्र असेल, किंवा ती पाहून मनात जुनी वाईट ओढ जागी होत असेल, तर ती घरात ठेवू नका आणि दुसऱ्याच्या गळ्यातही बांधू नका. तेवढे स्पष्टच आहे. पण बहुतेक पेट्यांत काय असते? आईच्या मायेचे गाणे, पावसाचे गाणे, लग्नाच्या वरातीतले गाणे, एखादे भजन. सूर हे देवाचेच दान आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात वीणा व बासरी वाजविणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून युबाल याचे नाव येते. आणि तो काइनाच्या वंशातला आहे, हे विसरू नका. ज्या वंशाने पहिला खून पाहिला, त्याच वंशात देवाने सुराची कला ठेवली. म्हणून तरुणपणी ज्यापासून निर्मळ आनंद मिळाला ती वस्तू सोडताना तिला शिव्या देण्याची गरज नाही. उपकार मानून सोडावी. ज्याने आनंद दिला त्या देवाचे उपकार.

आणि व्यवहाराची एक गोष्टही सांगून ठेवतो. विनाईलच्या तबकड्या पी.व्ही.सी. या प्लास्टिकच्या असतात. त्या जाळल्या की विषारी वायू निघतो. तेव्हा भक्ती म्हणूनही नको आणि स्वच्छता म्हणूनही नको. अंगणात त्यांची होळी करू नये.

दुसरी गोष्ट : जपून ठेवणे म्हणजे पुरून ठेवणे नव्हे

आता दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील, मग राहू द्या पेटी, खाते-पिते काय? त्यांच्यासाठी मी शब्बाथ शाळेत विचारण्याजोगा एक प्रश्न सांगतो. तबकडीच्या एका बाजूवर रेघा किती असतात? मुले म्हणतील शंभर, कोणी म्हणेल हजार. खरे उत्तर सहसा 'एक' असते. कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जाणारी एकच अखंड खाच. सुई त्या एका वाटेने चालत जाते आणि गाणे होते.

परंतु सुई चालली की खाच अगदी थोडी झिजते. वाजविल्याने तबकडी कमी होते. तिला मुळीच झिजू द्यावयाचे नसेल, तर ती मुळीच वाजवू नये. पण मग तिच्यात गाणे असून नसल्यासारखे. झिजावे तेव्हाच वाजावे, अशी तिची घडणच आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तिसरा चाकर आठवा. त्याने धन्याची ठेव उधळली नाही, चोरली नाही. जमीन खणून पुरली, आणि जशीच्या तशी परत केली. तरी धन्याने त्याला शाबासकी दिली नाही. ठेव राखणे वेगळे आणि पुरणे वेगळे.

शिवाय पुरलेली वस्तू जशीच्या तशी राहते, हाही भ्रमच. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली, पत्र्याच्या पेटीत, एकीवर एक आडव्या रचलेल्या तबकड्या चार उन्हाळ्यांत वाकड्या होतात. पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते. संपत्तीला कसर आणि जंग खातात, असे प्रभूने डोंगरावर सांगितले. त्या यादीत आमच्या भागापुरते ऊन जोडावयास हरकत नाही.

तरीही, प्रियजनहो, शास्त्र वस्तूंना तुच्छ लेखत नाही. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय उघडा. पौल कैदेत आहे. आपली धाव संपत आली हे त्याला ठाऊक आहे. सारे काही केरकचरा मानणारा हाच तो पौल. तो शेवटच्या पत्रात काय मागतो? त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तके, आणि विशेषेकरून चर्मपत्रे. मरणाच्या दारातील प्रेषिताला आपल्या लिखाणाची गुंडाळी हवीशी वाटते. कारण ती त्याला वाचावयाची आहे. उपदेशकाने जपण्याची वेळ आणि टाकण्याची वेळ ही दोन्ही नावे एकाच ओळीत घेतली. एकीला पवित्र आणि दुसरीला अपवित्र म्हटले नाही. वेळ ओळखणे हे शहाणपण आहे. ज्या वस्तूचा मी उपयोग करतो, किंवा जिच्यामुळे माझ्या दारी येणाऱ्याला काही मिळते, ती जपावी. जी केवळ माझ्या नावाने बंद आहे, तिची वेळ भरली असे समजावे.

तिसरी गोष्ट : वस्तूमागचा माणूस

आता त्या पेटीची हकीगत सांगतो. ती माझ्या थोरल्या मामांची. त्यांच्या परवानगीनेच लिहितो.

मामा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांचे धाकटे बंधू, म्हणजे माझे धाकटे मामा, सोलापुरास गिरणीत कामाला होते. १९७०च्या दशकात दोघांनी मिळून एक फिएस्टा घेतला, आणि मग जमेल तशी महिन्याला एक लहान तबकडी. पैसे दोघांचे, निवड पाळीपाळीने. धाकटे मामा शनिवारी एस.टी.ने येताना वर्तमानपत्रात गुंडाळून ती आणीत. अशा चौऱ्याऐंशी झाल्या. प्रत्येकीच्या पाकिटावर मामांच्या शाळामास्तरी अक्षरात अनुक्रमांक आणि महिना लिहिलेला आहे.

पुढे शेताची वाटणी झाली. ती कशी झाली हे मी लिहीत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ती झालेली आहे. बांध पडला, विहिरीचे पाणी वाटले गेले, बोलणे बंद झाले. पेटीची वाटणी कोणाच्या लक्षात आली नाही. ती थोरल्या घरी राहिली, तीस वर्षे.

मागील वर्षी घरावर स्लॅब टाकावयाचा ठरला आणि माळा रिकामा करावा लागला. मामा म्हणाले, "भंगारवाला येईल, त्याला देऊन टाक." मी पेटी अंगणात आणली. ते पुन्हा म्हणाले, "थांब जरा." असे तीन दिवस चालले. शेवटी मी म्हणालो, "मामा, प्लेअर बिघडून वीस वर्षं झाली. तुम्ही ऐकत तर नाही. मग जीव कशात अडकलाय?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळ, त्यात निम्म्या त्याच्या आहेत. ही पेटी माझ्याजवळ आहे तोवर तो कधीतरी मागायला येईल, असं वाटत होतं."

प्रियजनहो, लूकाच्या बाराव्या अध्यायावर मी अनेकदा बोललो आहे. परंतु त्या दिवशी तो मला अंगणात भेटला. मामांना तबकड्यांचा लोभ नव्हता. ते भावाची वाट पाहत होते, आणि वाट पाहण्यासाठी पेटीचा आधार घेत होते. पण भावाने यावे म्हणून त्याचा वाटा आपल्याकडे ठेवून घेणे, हा वाट पाहण्याचा मार्ग नव्हे. कारण दुसऱ्या घरी तो भाऊही हेच म्हणत असेल : माझे आहे ते त्याच्याकडे आहे, द्यावयाचे असेल तर तो देईल. दोन्ही घरी वाट पाहणे चालू, आणि रस्ता रिकामा.

त्या रात्री आम्ही उत्पत्तीचा तेरावा अध्याय वाचला. अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत भांडण होते. अब्राम वडील आहे, देवाचे वचन त्याला मिळालेले आहे. पहिली निवड हक्काने त्याची. तरी तो पुतण्याला म्हणतो, तू आधी निवड. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोट डोळे वर करून पाहतो आणि पाण्याने समृद्ध असलेला यार्देनेचा प्रदेश घेतो. अब्रामाला याची किंमत पडली. जी उदारता काहीच गमावीत नाही, ती अब्रामाची उदारता नव्हे.

मामांनी दुसऱ्या दिवशी वही घेतली आणि चौऱ्याऐंशी तबकड्यांची यादी लिहून काढली. खाली दोनच वाक्ये : पहिली निवड तुझी. उरतील त्या वाटून टाकतो. यादी टपालाने सोलापुरास गेली. आठ दिवसांनी मला फोन आला. धाकट्या मामांनी एकच आकडा सांगितला. एकतीस.

मामा ते ऐकून गप्प झाले. एकतीस क्रमांकावरचे गाणे आजीला फार आवडायचे. ती दळण निवडताना गुणगुणायची. मामांनाही ठेवावयाची होती ती तेवढी एकच. त्र्याऐंशी सोडावयास ते तयार झाले होते. ही चौऱ्याऐंशीवी होती. ते म्हणाले, "तीच?" आणि मग, "घेऊन जा."

मी ती दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून सोलापुरास नेली. धाकट्या मामांकडेही प्लेअर नाही. त्यांनी पाकिटावरचे अक्षर पाहिले, महिना वाचला, आणि तबकडी कपाटात ठेवली. चहा झाला. दोघांमधले सारे मिटले असे मी लिहिणार नाही; ते खरे होणार नाही. नाताळात फोन झाला. पाच मिनिटांचा. तीस वर्षांत पहिला.

आता पुन्हा पौलाच्या त्या पत्राकडे वळा. चर्मपत्रे माग, झगा माग, असे आपण वाचले. पण त्याच्याच दोन वचने आधी, अकराव्या वचनात, तो तीमथ्याला सांगतो की येताना मार्कालाही बरोबर घेऊन ये. तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हा मार्क कोण? ज्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका कडक वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय पाहा. आयुष्याच्या शेवटी पौल आवराआवर करीत आहे. त्याच्या यादीत झगा आहे, पुस्तके आहेत. पण वस्तूंच्या आधी माणसाचे नाव आहे. आवराआवरीचा हा ख्रिस्ती क्रम आहे. आधी मार्क, मग चर्मपत्रे.

तबकडी जाते, आवाज राहतो

कोणी विचारील, देऊन टाकल्यावर ती गाणी, त्या संध्याकाळी, ते अंगण हे सारे गेलेच ना? आपल्या मंडळीच्या इतिहासातूनच त्याचे उत्तर देतो. जॉय रिडरहॉफ नावाची अमेरिकन मिशनरी बाई मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात सेवा करीत असता आजारी पडून घरी परतली. आपण परत जाऊ शकत नाही, पण आपला आवाज तर जाऊ शकेल, या विचाराने तिने १९३९ साली लॉस एंजेलिस येथे स्पॅनिश भाषेत सुवार्तेची पहिली तबकडी तयार केली. त्यातून गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही संस्था उभी राहिली. ज्यांना वाचता येत नाही अशांपर्यंत तिने तबकड्या पोचविल्या. वीज नसलेल्या खेड्यांसाठी तर घडी घालता येणारा, हाताने फिरवावयाचा पुठ्ठ्याचा प्लेअरही निघाला. आज ते पुठ्ठे राहिले नाहीत. त्यानंतरच्या कॅसेटही मागे पडल्या. पण त्या कामातून सहा हजारांहून अधिक भाषा व बोलींत ध्वनिमुद्रणे झाली, आणि आज ती मोबाईलवर ऐकता येतात. पात्र बदलत गेले. संदेश पुढे गेला. आपली संपत्ती मातीच्या भांड्यांत आहे असे पौलाने करिंथकरांना लिहिले. मातीच्या जागी लाख म्हणा, विनाईल म्हणा.

आजीचे ते गाणे मामांच्या घरातून गेले. पण परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांची नात दळण निवडत ते गुणगुणत होती. तिने ती तबकडी कधी ऐकलेली नाही.

आपण काय करावे

ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी आहे, त्यांच्यासाठी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी काही सूचना लिहितो.

पेटी उचलण्याआधी यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहू नका. माणसाचे नाव लिहा. हे कोणी दिले? कोणाबरोबर घेतले? कोणाचे आहे? ज्या नावापाशी पेन अडखळेल, तेथे आधी थांबा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जावयास सांगितले आहे. अर्पणाच्या बाबतीत जर असे, तर भंगाराच्या बाबतीत का नको?

ज्याचे त्याला दिल्यावर जे उरेल, ते जेथे पुन्हा वाजेल तेथे द्या. जुन्या तबकड्यांना आज पुन्हा जाणकार भेटतात. मुंबईत १९९० सालापासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. अशा संग्राहकांनी किती तरी विसरलेले आवाज वाचविले आहेत. विकल्या तरी पाप नाही. बर्णबाने शेत विकले, पण पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. मामांच्या उरलेल्या तबकड्यांपैकी उर्दू कव्वाल्या त्यांच्या आळंदच्या जुन्या मुसलमान मित्राकडे गेल्या, आणि बाकीच्या सोलापूरच्या एका संग्राहकाकडे.

देण्यापूर्वी तबकड्या उभ्या ठेवा आणि मऊ कोरड्या कापडाने पुसा. लाखेच्या जुन्या तबकड्यांना मात्र स्पिरिट लावू नका. स्पिरिटात लाख विरघळते, आणि गाणे पुसण्याबरोबर पुसले जाते.

शिक्षकांनी मुलांना पुढील रविवारी घरून एक जपून ठेवलेली वस्तू आणावयास सांगावी. गोटी असो, पीस असो, पेन असो. ती टाकून द्यावयास सांगू नये. फक्त विचारावे, ही तुला कोणी दिली? त्याचे उपकार मानलेस का? त्याच्याशी तुझे बोलणे आहे का? मग लूकाचा बारावा अध्याय तेराव्या वचनापासून वाचावा. मुलांना धनवानाची गोष्ट तर कळेलच, पण त्या दोन भावांचीही कळेल.

आणि वृद्धांच्या मुलांना एक विनंती. आई-वडिलांची पेटी घाईने रिकामी करू नका. ते "थांब जरा" म्हणतील तेव्हा थांबा, आणि शेजारी बसा. ते वस्तूला धरून बसलेले नसतात. कोणाची तरी वाट पाहत असतात. कोणाची, ते विचारा. जमल्यास त्या माणसाकडे जाण्यासाठी एस.टी.चे तिकीट काढा.

प्रार्थना

हे प्रभू, आमच्या तरुणपणी तू आम्हांला जो आनंद दिलास त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांच्याबरोबर तो आनंद घेतला, त्यांपैकी जे तुझ्याकडे आले त्यांच्यासाठी, आणि जे जवळ असून दूर झाले त्यांच्यासाठी आम्ही तुला विनवितो. जे दुसऱ्याचे आहे व आमच्याकडे राहिले आहे, ते आम्हांला दाखव. पहिली निवड दुसऱ्याला देण्याचे धैर्य दे, आणि त्याची किंमत पडली तरी मागे न घेण्याचे बळ दे. आमच्या पेट्या रिकाम्या होतील तेव्हा आमची घरे रिकामी राहू देऊ नकोस. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.